इंग्रजी उभयान्वयी अव्यये: वाक्य नेमके कुठून जोडले जाते?

सेलू येथील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याच्या कार्यालयात काम करणाऱ्या वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेपासून कंजंक्शनच्या याद्या पाठ आहेत, ‘अँड’ म्हणजे आणि, ‘बिकॉज’ म्हणजे कारण, ‘ऑलदो’ म्हणजे जरी, हेही ठाऊक आहे. तरीसुद्धा कोइम्बतूरच्या सूतगिरणीला इंग्रजीत पत्र लिहायला बसले की एकतर तुटक-तुटक वाक्ये होतात, नाहीतर ‘अँड’ आणि ‘सो’ लावत एकच वाक्य पानभर लांबत जाते. फोनवर बोलताना तर ‘बट’ आणि ‘बिकॉज’ यांपलीकडे काही सुचत नाही. नमुना म्हणून त्यांनी आपल्या पत्रातील एक वाक्यही पाठवले आहे, ते मी शेवटी घेतो. अर्थ माहीत असूनही वाक्य का जुळत नाही, असे त्यांचे विचारणे आहे.

मराठवाड्यात कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवताना हीच अडचण मी सातत्याने पाहत आलो आहे आणि तिचे मूळ शब्दसंग्रहात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अडचण जोडण्याच्या जागेची आहे. मराठी वाक्य बहुतेक वेळा शेवटाकडून जोडते. इंग्रजी वाक्य सुरुवातीकडून जोडते. “शेतातून आल्यावर हातपाय धुऊन जेवायला बसलो” या आपल्या वाक्यात क्रियापद म्हणावे असे एकच आहे, ‘बसलो’. बाकीचे काम ‘आल्यावर’ आणि ‘धुऊन’ या रूपांच्या शेपटांनी केले आहे आणि संपूर्ण वाक्यात उभयान्वयी अव्यय एकही नाही. हेच इंग्रजीत साधेपणाने सांगायचे तर “आफ्टर आय केम होम फ्रॉम द फील्ड, आय वॉश्ड माय हँड्स अँड फीट अँड सॅट डाउन टू ईट” असे होते. आता मोजून पाहावे: केम, वॉश्ड, सॅट अशी काळ दाखवणारी तीन क्रियापदे आली, ‘आय’ हा कर्ता दोनदा उच्चारावा लागला आणि ‘आल्यावर’मधील ‘-ल्यावर’ हा शेवटचा तुकडा ‘आफ्टर’ होऊन उपवाक्याच्या अगदी पुढे जाऊन बसला. ‘-ल्यावर’, ‘-ताना’, ‘-पर्यंत’, ‘-मुळे’, ‘-ऊन’ यांची जी कामे आपण सहज करतो, त्यांतील बरीचशी इंग्रजी माणूस स्वतंत्र कर्ता आणि स्वतंत्र क्रियापद असलेले पूर्ण उपवाक्य उभे करून करतो.

त्यामुळे पहिली चूक होते ती कर्ता गाळण्याची. “घरी आल्यावर फोन केला” हे मनात धरून “व्हेन केम होम, आय कॉल्ड” असे लिहिले जाते. मराठीत ‘आलो’ म्हटले की कोण आले ते रूपच सांगते. इंग्रजीत ‘केम’ एकटे असले तर कोण आले याचा पत्ता लागत नाही. म्हणून ‘व्हेन’, ‘बिकॉज’, ‘इफ’, ‘ऑलदो’ यांच्यानंतर कर्ता लिहायचाच, मग तो आधी आलेला असो वा नसो. ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’ यांच्यानंतर मात्र तोच कर्ता असल्यास गाळता येतो: “ही केम अँड सॅट”.

याच फरकातून इंग्रजी अव्ययांचे दोन वर्ग वेगळे पडतात. आपल्या शालेय मराठी व्याकरणात समानत्वदर्शक आणि गौणत्वदर्शक असे जे दोन प्रकार आहेत, त्याच धर्तीचा हा भेद आहे, तेव्हा तो नव्याने शिकण्याची गरज नाही. ओळखण्याची कसोटी मात्र इंग्रजीतली वापरावी. ज्या उपवाक्याला त्याच्या अव्ययासह उचलून पुढे नेता येते ते गौण. “वुई स्टॉप्ड बिकॉज इट रेन्ड” हे “बिकॉज इट रेन्ड, वुई स्टॉप्ड” असे फिरवता येते. “ही वॉज टायर्ड, बट ही वर्क्ड” मधला ‘बट’चा भाग उचलून पुढे नेला तर वाक्य मोडते. ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’, ‘नॉर’, ‘यट’, ‘सो’ ही दोन्ही वाक्यांच्या मधेच राहतात. इंग्रजी शिकवणीत या यादीत ‘फॉर’ घालून सात अक्षरांचा ‘फॅनबॉइज’ असा शब्द पाठ करून घेतात. परंतु ‘कारण’ या अर्थाचा ‘फॉर’ आज बोलण्यात कोणी वापरत नाही आणि व्यवहाराच्या पत्रातही तो जुनाट वाटतो, तेव्हा तो वाचताना ओळखता आला तरी पुरे.

बारीक फरक विरामचिन्हाचा. गौण उपवाक्य आधी आले तर त्याच्या शेवटी स्वल्पविराम द्यावा. मागून आले तर बहुधा देऊ नये. दोन पूर्ण वाक्ये ‘अँड’ किंवा ‘बट’ने जोडली असतील तर अव्ययाच्या आधी स्वल्पविराम येतो, एकाच कर्त्याची दोन क्रियापदे जोडली असतील तर येत नाही. एवढे पाळले तरी पत्र नीटनेटके दिसते.

आता जोड्यांकडे येऊ, कारण मराठवाड्यातच काय, साऱ्या महाराष्ट्रात सर्वांत जास्त चुका इथे होतात. आपली भाषा जोडीने बोलते: जर आणि तर, जरी आणि तरी, जेव्हा आणि तेव्हा, ज्याअर्थी आणि त्याअर्थी. एक टोक इकडे, दुसरे टोक तिकडे. त्या सवयीने “ऑलदो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट” असे लिहिले जाते आणि रजेच्या अर्जात तर “अ‍ॅज आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीव्हर, सो आय कॅनॉट अटेंड द ऑफिस” हे वाक्य इतके रूढ आहे की ते चुकीचे आहे हे सांगितल्यावर अर्जदाराला आश्चर्य वाटते. इंग्रजीत दोन उपवाक्यांना एकच सांधा, म्हणजे जोडणारा शब्द, लागतो. ‘ऑलदो’ ठेवायचे असेल तर ‘बट’ काढावे, ‘बट’ ठेवायचे असेल तर ‘ऑलदो’ काढावे. दोन्हींपैकी काहीही चालते, दोन्ही मिळून चालत नाहीत.

तपासण्याची एक सोपी रीत मी विद्यार्थ्यांना देतो: वाक्यातील काळ दाखवणारी क्रियापदे मोजावीत, त्या संख्येतून एक वजा करावा, तेवढे सांधे असावेत. क्रियापदे दोन असतील तर सांधा एक, तीन असतील तर दोन. सांधे जास्त भरले तर जोडी घुसली आहे, कमी भरले तर वाक्ये नुसती स्वल्पविरामाने चिकटवली आहेत, असे समजावे. ‘दॅट’ काही ठिकाणी गाळला जातो, उदाहरणार्थ “आय थिंक ही इज राइट”, तेव्हा तो अदृश्य सांधा धरावा लागतो. ‘आयदर–ऑर’, ‘नायदर–नॉर’, ‘नॉट ओन्ली–बट ऑल्सो’, ‘नो सूनर–दॅन’ ही मात्र जोडीनेच येतात. ती दोन शब्दांत मावलेली एकच जोडणी आहे. ‘इफ’ सोबत ‘देन’ चालते, पण ते सक्तीचे नाही आणि साध्या बोलण्यात ते सहसा येतही नाही. “इफ इट रेन्स, वुई विल स्टॉप” एवढे पुरेसे आहे.

या शेवटच्या वाक्यातील ‘रेन्स’कडे लक्ष द्यावे, कारण अव्यय फक्त जोडत नाही, पुढच्या क्रियापदाचा काळही ते ठरवते, आणि ही गोष्ट यादी पाठ करून कधीच कळत नाही. आपण म्हणतो, “पाऊस आला तर पेरू.” पाऊस अजून यायचा आहे, तरी क्रियापद ‘आला’ असे भूतकाळी आहे. मराठीत त्यात काहीच खटकत नाही. हीच रचना इंग्रजीत नेली की “इफ इट रेन्ड, वुई विल सो” (इथला ‘सो’ म्हणजे पेरणे) असे होते; आणि दुसरा विद्यार्थी, भविष्यातली गोष्ट आहे म्हणून, “इफ इट विल रेन” लिहितो. इंग्रजीत अशा ठिकाणी साधा वर्तमानकाळ येतो: “इफ इट रेन्स, वुई विल सो”. ‘व्हेन’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अन्टिल’ यांच्या पाठोपाठही तेच. “ट्रक आला की फोन करतो” हे “आय विल कॉल यू व्हेन द ट्रक कम्स”, इथे ‘व्हेन द ट्रक विल कम’ नाही.

भूतकाळ वापरलाच तर इंग्रजी श्रोता वेगळे ऐकतो. “इफ इट रेन्ड, वुई वुड सो” म्हणजे पावसाची फारशी आशा नाही, आला तर बरे होईल, असा सूर. आणि हंगाम हातचा गेल्यावर “जूनमध्ये पाऊस पडला असता तर पेरले असते” असे जे आपण म्हणतो, ते “इफ इट हॅड रेन्ड इन जून, वुई वुड हॅव सोन”. म्हणजे आशा आहे, आशा थोडी आहे आणि वेळ निघून गेली आहे, या तीन पायऱ्या इंग्रजी क्रियापदाच्या रूपातून दाखवते. मराठीत तिसरी पायरी ‘असता’ने पक्की कळते, पण पहिल्या दोहोंमधला फरक आपण बहुधा आवाजावर आणि प्रसंगावर सोडतो. गिरणीच्या खरेदी अधिकाऱ्याला “इफ यू गेव्ह अस टू मोअर डेज” असे लिहिले तर ते “इफ यू गिव्ह अस” पेक्षा नरम, थोडे भीड बाळगणारे वाटते, आणि पुढे “वुई वुड” लावले तर विनंती म्हणून ते शोभून दिसते. चूक म्हणून शिकवलेले रूप असे योग्य ठिकाणी कामाला येते.

अपवाद एकच लक्षात ठेवावा. ‘इफ’चा अर्थ ‘की नाही’ असा असेल तर ‘विल’ येऊ शकते: “आय डोन्ट नो इफ ही विल कम”. इथे अट नाही, शंका आहे. ‘व्हेदर’ लिहिले तरी अर्थ तोच, आणि औपचारिक पत्रात ‘व्हेदर’ अधिक बरे.

‘अन्टिल’ आणि ‘अनलेस’ या दोघांच्या बाबतीत मराठीतले ‘नाही’ घात करते. “तो येत नाही तोपर्यंत थांबा” हे आपले शुद्ध वाक्य आहे, पण त्यातला नकार तसाच उचलला की “वेट अन्टिल ही डझ नॉट कम” असे काहीतरी तयार होते, ज्यातून इंग्रजी माणसाला, तो न येण्याची घटना घडेपर्यंत थांबा, असा विचित्र अर्थ लागतो. “वेट अन्टिल ही कम्स” एवढेच पुरे. ‘अनलेस’च्या पोटात तर ‘नसेल तर’ आधीच भरलेले आहे. “अनलेस यू डोन्ट पे” म्हटले की नकार दुप्पट होऊन अर्थ उलटतो. पैसे भरले नाहीत तर माल सुटणार नाही, हे सांगायचे असेल तर “वुई कॅनॉट रिलीज द गुड्स अनलेस यू पे”. मराठीतही “तो येईपर्यंत थांबा” ही नकाराविना रचना आहेच. ‘अन्टिल’ लिहिताना मनात तीच आणावी, म्हणजे चूक होत नाही.

‘म्हणून’ या शब्दाची एक पंचाईत इथेच सांगतो. तो आपल्याकडे तीन वेगळी कामे करतो. “पाऊस आला म्हणून थांबलो” यात कारण आणि परिणाम आहे. “साहेबांना भेटता यावे म्हणून लवकर आलो” यात हेतू आहे. आणि “उद्या येतो म्हणून सांगितले” यात दुसऱ्याचे बोलणे पोचवले आहे. पहिल्यासाठी ‘बिकॉज’ किंवा ‘सो’, दुसऱ्यासाठी ‘सो दॅट’, तिसऱ्यासाठी ‘दॅट’. सर्वांसाठी ‘सो’ वापरण्याची सवय लागली की हेतू आणि परिणाम यांची गल्लत होते. “आय केम अर्ली सो दॅट आय कुड मीट द मॅनेजर” म्हणजे भेटण्याच्या इच्छेने आलो, भेट झाली की नाही ते सांगितलेले नाही. “आय केम अर्ली, सो आय मेट द मॅनेजर” म्हणजे भेट झाली. मराठीत ‘यावे’ या रूपाने जे स्पष्ट होते, ते इंग्रजीत ‘सो दॅट’ आणि ‘कुड’ मिळून करतात.

आणखी एक घोळ: पहिल्या अर्थाच्या ‘म्हणून’च्या आधी कारण येते, तर ‘बिकॉज’च्या नंतर कारण येते. घाईत बोलताना ‘म्हणून’च्या जागी ‘बिकॉज’ ठेवला जातो आणि “इट रेन्ड बिकॉज वुई स्टॉप्ड”, म्हणजे आपण थांबलो म्हणून पाऊस पडला, असे होऊन बसते! ‘म्हणून’च्या जागी बसणारा शब्द ‘सो’ आहे; ‘बिकॉज’ ही आपल्या ‘कारण’ या अव्ययाची जागा आहे. आणि नुसत्या नामाआधी ‘बिकॉज ऑफ’: “बिकॉज ऑफ द रेन”, पण “बिकॉज इट रेन्ड”. ‘डिस्पाइट’ आणि ‘ऑलदो’ यांच्यात हाच फरक आहे.

कारण सांगण्याच्या या शब्दांपैकी कोणता कधी निवडायचा, हा मला सर्वांत रसाचा भाग वाटतो. आपल्या सर्वांच्या आठवणीतली एक गोष्ट घेऊ. 2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले होते आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. या दोन गोष्टी इंग्रजीत तीन प्रकारे जोडू. “द मांजरा डॅम हॅड गॉन ड्राय, सो वॉटर वॉज ब्रॉट टू लातूर बाय ट्रेन.” इथे दोन्ही घटना बरोबरीच्या आहेत, आधी हे झाले, मग ते झाले, अशी साधी हकिगत. “वॉटर वॉज ब्रॉट टू लातूर बाय ट्रेन बिकॉज द मांजरा डॅम हॅड गॉन ड्राय.” इथे रेल्वेची बातमी ऐकणाऱ्याला ठाऊक आहे, त्याला ‘का’ ते हवे आहे, म्हणून कारण शेवटी आले. “सिन्स द मांजरा डॅम हॅड गॉन ड्राय, वॉटर वॉज ब्रॉट टू लातूर बाय ट्रेन.” इथे धरण कोरडे असल्याचे ऐकणाऱ्याला माहीत आहे असे गृहीत धरले आहे आणि नवी गोष्ट रेल्वेची आहे.

इंग्रजी वाक्याचे वजन सामान्यतः शेवटाकडे असते. जे नवे, जे ठसवायचे, ते मागे ठेवतात. त्यामुळे ‘सिन्स’ आणि ‘अ‍ॅज’ बहुधा पुढे येतात, कारण ते ठाऊक असलेले कारण आणतात. ‘बिकॉज’ बहुधा मागे येतो, कारण तो नवे कारण आणतो. ‘का’ असा थेट प्रश्न कोणी विचारला तर उत्तर ‘बिकॉज’नेच सुरू होते, ‘सिन्स’ने नाही. आणि शाळेत सांगतात तसे ‘बिकॉज’ने वाक्य सुरू करणे मुळीच निषिद्ध नाही, पुढे मुख्य वाक्य आले की झाले. निषिद्ध आहे ते “बिकॉज इट रेन्ड.” एवढ्यावरच पूर्णविराम देणे, तेही लेखनात. बोलताना कोणी विचारले की थांबलात का, तर एवढेच उत्तर अगदी योग्य आहे.

‘बिकॉज’च्या आधीच्या वाक्यात नकार असेल तर मात्र सावध राहावे. “आय डिड नॉट गो टू नांदेड बिकॉज माय ब्रदर वॉज देअर” या वाक्याचे दोन अर्थ निघतात: भाऊ तिथे होता म्हणून मी गेलो नाही, किंवा मी गेलो खरा, पण भाऊ तिथे होता म्हणून नव्हे, माझे दुसरे काम होते. मराठीत ‘म्हणून गेलो नाही’ आणि ‘म्हणून गेलो असे नाही’ असे दोन स्पष्ट मार्ग आहेत. इंग्रजीत ‘नॉट’ आधीच येऊन बसतो आणि तो कशाला लागू आहे हे लिहिलेल्या वाक्यावरून कळत नाही. बोलताना सूर फरक करतो. लिहिताना पहिला अर्थ हवा असेल तर ‘बिकॉज’आधी स्वल्पविराम द्यावा, किंवा त्याहून बरे, कारणाचे उपवाक्य उचलून पुढे आणावे, म्हणजे प्रश्नच उरत नाही. व्यवहाराच्या पत्रात, विशेषतः पैसे का दिले नाहीत किंवा माल का पाठवला नाही असा मजकूर असताना, मी तरी हे वाक्य नेहमी उलटे करूनच लिहितो.

दुसऱ्याचे बोलणे सांगतानाही जागेचाच प्रश्न येतो. आपल्याकडे सहज “उद्या येतो म्हणला” असे बोलतात: निरोप आधी, ‘म्हणला’ नंतर, आणि निरोपातला ‘येतो’ हा त्याच्याच तोंडचा. इंग्रजीत ‘ही सेड’ आधी येते, मग ‘दॅट’, मग कर्ता आणि काळ दोन्ही सांगणाऱ्याच्या बाजूने बदलून: “ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे”. प्रश्न सांगताना तर ‘की’ मधे येऊन फारच नासधूस करतो. “त्याने विचारले की तुम्ही कुठे चाललात” याचे “ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग” असे भाषांतर मी उत्तरपत्रिकांत इतके वाचले आहे की ते आता डोळ्यांना सवयीचे झाले आहे. प्रश्नार्थक शब्द स्वतःच सांधा असतो, म्हणून ‘दॅट’ लागत नाही. आणि प्रश्न आता पोटात गेला असल्यामुळे शब्दक्रम साध्या विधानाचा होतो: “ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग”. ‘आर यू’ चे ‘आय वॉज’ झाले, पुढचे-मागचे उलटले, प्रश्नचिन्हही गेले.

‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’, ‘मोअरओव्हर’, ‘अदरवाइज’ ही मंडळी अर्थाने कंजंक्शनसारखी दिसतात, पण वाक्ये जोडण्याचा अधिकार त्यांना नाही. “वुई वेटेड, हाउएव्हर द ट्रक डिड नॉट कम” इथे दोन वाक्ये नुसत्या स्वल्पविरामावर लोंबकळत आहेत. ‘हाउएव्हर’च्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम द्यावा आणि त्याच्यानंतर स्वल्पविराम. ते नको असेल तर सरळ ‘बट’ लिहावे. ‘बट’ने पत्राचा दर्जा कमी होत नाही, आणि जड शब्द म्हणजे चांगली इंग्रजी हा समज आपण सोडलेला बरा.

बोलण्याकडे थोडे वळतो. लिखित इंग्रजीत ज्या गुंतागुंतीच्या रचना दिसतात, त्यांतील बऱ्याच बोलण्यात नसतात. इंग्रजी माणूस बोलताना ‘अँड’, ‘बट’, ‘सो’ आणि ‘बिकॉज’ यांवरच बहुतेक काम भागवतो, तेव्हा फोनवर आपल्याला एवढेच सुचते याची खंत करू नये. वाक्याची सुरुवातच ‘सो’ किंवा ‘बट’ने करणेही बोलण्यात सर्रास चालते. ‘ऑलदो’ बोलण्यात फारसा नसतो, त्याच्या जागी ‘दो’ येतो आणि तोही पुष्कळदा वाक्याच्या शेवटी: “इट्स गुड कॉटन. इट्स अ बिट वेट, दो.” म्हणजे माल चांगला आहे, थोडा ओला आहे एवढेच. ही शेवटची जागा मराठी कानाला ओळखीची वाटावी.

बोलण्यातला ‘बिकॉज’ कधी कधी घटनेचे कारण न सांगता आपल्या बोलण्याचा आधार सांगतो. “ही मस्ट बी अ‍ॅट होम, बिकॉज द लाइट इज ऑन.” दिवा लागला म्हणून तो घरी आला असे नव्हे, दिवा दिसतो यावरून मी तसे म्हणतो. मराठीत आपण इथे “दिवा लागलाय म्हणजे घरीच असेल” असे ‘म्हणजे’ वापरतो. तसेच “काम करा म्हणजे पैसे मिळतील” यातला ‘म्हणजे’ इंग्रजीत ‘अँड’ होतो, “डू द वर्क अँड यू विल गेट द मनी”, आणि “लवकर चला, नाहीतर गाडी चुकेल” यातला ‘नाहीतर’ म्हणजे ‘ऑर’: “हरी अप, ऑर वुई विल मिस द ट्रेन”. इतके साधे शब्द, पण अटीचे काम पूर्ण करतात.

उलट ‘नो सूनर हॅड आय रीच्ड द स्टेशन दॅन द ट्रेन लेफ्ट’ ही रचना दहावी-बारावीच्या ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’ मध्ये हमखास असते, म्हणून ती यायला हवी, ‘नो सूनर’नंतर सहायक क्रियापद कर्त्याच्या पुढे जाते आणि दुसऱ्या टोकाला ‘दॅन’च येतो, ‘व्हेन’ येत नाही, एवढे परीक्षेपुरते पक्के असावे. पण फोनवर कोणी असे बोलत नाही. तिथे ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ किंवा नुसता ‘व्हेन’.

आता वाचकाने पाठवलेले वाक्य. ते असे आहे: “अ‍ॅज द ट्रक वॉज लेट सो वुई कुड नॉट लोड द बेल्स अँड रेन केम अँड सम बेल्स बिकेम वेट सो काइंडली गिव्ह टू डेज.” अर्थ पोचतो, नाही असे नाही. क्रियापदे मोजू: वॉज, कुड, केम, बिकेम, आणि शेवटी विनंतीचे गिव्ह. पाच क्रियापदांना चार सांधे पुरले असते. इथे अ‍ॅज, सो, अँड, अँड, सो असे पाच आहेत. जास्तीचा सांधा अर्थातच ‘अ‍ॅज’सोबत आलेला पहिला ‘सो’. तो काढल्यानेही वाक्य सुधारते, पण सगळ्या घटना अजून एकाच रांगेत, एकाच उंचीच्या उभ्या राहतात. गिरणीच्या अधिकाऱ्याला यातून काय कळायला हवे? उशीर आमच्यामुळे झाला नाही, काही गाठी भिजल्या, आणि आम्हाला मुदत हवी. पाऊस ही वेळ सांगणारी गोष्ट आहे, तिला स्वतंत्र वाक्याचा मान देण्याचे कारण नाही. तिला ‘बिफोर’खाली ठेवावे. म्हणून मी असे लिहीन: “बिकॉज द ट्रक रीच्ड अस लेट, वुई कुड नॉट लोड ऑल द बेल्स बिफोर द रेन केम, अँड सम ऑफ देम गॉट वेट. प्लीज अलाउ अस टू मोअर डेज सो दॅट वुई कॅन रिप्लेस देम.”

पहिल्या वाक्यात चार क्रियापदे आणि तीन सांधे आहेत. उशिराचे कारण अग्रभागी आले, म्हणून ‘कुड नॉट’मधल्या नकारातून दुसरा अर्थ निघण्याची वाटही बंद झाली, आणि गाठी भिजल्याची बातमी वजनाच्या जागी, शेवटी, गेली. ट्रक उशिरा आल्याचे गिरणीला आधीच कळवले असेल तर ‘बिकॉज’च्या जागी ‘सिन्स’ घालावा. विनंती मुद्दाम वेगळ्या वाक्यात ठेवली आहे, कारण आधीचा मजकूर हकिगत आहे आणि हा मागणीचा, आणि मागणी हकिगतीच्या शेपटाला ‘सो’ने बांधली की वाचणाऱ्याच्या नजरेतून ती निसटते, शिवाय दोन दिवस कशासाठी हवेत हे ‘सो दॅट’ने सांगितल्यावर ‘काइंडली’ची गरजही उरली नाही.